माळढोकांचा माळ आणि माझे नऊ एकर

मी, शेख जैनुद्दीन अल्लाबक्ष, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे करंजदरा, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतः सांगून गावच्या रंगनाथ कुलकर्णी यांच्या हातून लिहवून घेत आहे. मला धाप लागते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. मला दमदाटी करणारा या गावात अजून जन्मायचा आहे. हे वाक्य रंगनाथ गाळू म्हणत होता, मी गाळू दिले नाही.

माझी पत्नी खुर्शीद सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा कमरुद्दीन व मुलगी शकिला हे दोनच वारस. घर, बैलजोडी व विहिरीतील हिस्सा यांची वाटणी शरियतीप्रमाणे व्हावी. शकिलाचा वाटा तिच्या हाती द्यावा. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला, असला कागद माझ्या घरात होता कामा नये.

शेजारी कारभारी याने उत्तरेचा बांध दोन हात कोरला आहे. त्यावरून वारसांनी कोर्टकचेरी करू नये. कारभारी या कागदावर साक्षीदार आहे आणि सहीपूर्वी त्याला हे वाचून दाखवले जाणार आहे, तेवढे मला पुरे.

माझी दुर्बीण आमच्याच गावच्या राहीबाई सहादेव गर्जे हिला द्यावी. ती दुर्बीण मला नगरच्या कॅम्पातल्या एका साहेबाने बक्षीस दिली होती. तरुणपणी मी साहेब लोकांना शिकारीसाठी माळावर नेत असे. माळढोक कुठे बसला आहे हे मी बोटाने दाखवायचे आणि त्यांनी बार काढायचा. एकदा मादी पडली तेव्हा गवतात तिचे अंडे सापडले, ते अजून कोमट होते. हे पाखरू वर्षाला एकच अंडे घालते. मी ते घरी आणून कोंबडीखाली ठेवले. खुर्शीद बघत होती. ती म्हणाली, "आईला मारून आलात, आन् आता पिल्लू मागताय व्हय?" अंड्यातून पिल्लू निघाले नाही. त्यानंतर मी कोणाही साहेबाबरोबर गेलो नाही.

आता माळाविषयी. तीन वर्षांपूर्वी खडीच्या एका ठेकेदाराने आमच्या माळावर यंत्र बसवण्याची परवानगी मागितली. राहीबाईने दारोदार फिरून अर्जावर अंगठे घेतले. माळ फोडला तर गवत जाईल, गवत गेले तर पाखरू जाईल, एवढेच त्या अर्जात होते. अर्ज वाचून १९७१ च्या भाद्रपदात नगरहून सरकारचे मोठे साहेब स्वतः पाखरू बघायला आले.

त्या दिवशी गावाने कमान उभारली. लेझीम आणले, लाउडस्पीकर आणला, साहेबांची जीप वेशीपासून वाजतगाजत माळावर नेली. माळढोक माणसाच्या चाहुलीनेही उठतो. त्या दिवशी एकही दिसला नाही. साहेब दोन तास उन्हात उभे राहिले, चहा घेतला आणि "पक्षी आढळला नाही" असा अहवाल लिहून गेले. त्यावर ठेकेदाराला परवानगी मिळाली.

गाव याचा दोष लाउडस्पीकरवाल्याला देते. तो दोष माझा आहे, हे मी येथे लेखी कबूल करतो. त्या माळावर पाखराची रीत माझ्याएवढी कोणालाच ठाऊक नव्हती. तरी मी गप्प बसलो, कारण साहेबांच्या खालोखाल फेटा मला बांधायचे ठरले होते. संध्याकाळी राहीबाई दारात आली. "जैनूभाऊ, तुमाला ठावं हुतं. मंग बोलला का न्हाई?" एवढे विचारून ती गेली. मला आजही त्याची लाज वाटते.

यंत्र अजून बसलेले नाही, त्याला कारण माझे शेत. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला डोंगर. ट्रक माळावर न्यायचा तर सर्व्हे नंबर ११४ मधील माझ्या नऊ एकरांतूनच न्यावा लागतो. ठेकेदार दोन वर्षे माझ्याकडे खेपा घालत आहे, आणि दोन वर्षे मी त्याला चहा पाजून परत पाठवत आहे.

आमच्या शरियतीत माणसाला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून माळाला लागून असलेले तीन एकर मी पाखरांच्या चाऱ्यासाठी व विणीसाठी धर्मादाय देतो. देखरेख राहीबाईने करावी. पण तीन एकरांनी ट्रक अडत नाही, उरलेल्या सहा एकरांतून बाजूने रस्ता निघतो. ते सहा एकरही त्याच कामी लागावेत अशी माझी इच्छा आहे. त्याला दोन्ही वारसांची संमती लागते, आणि ती माझ्या मृत्यूनंतरच दिलेली चालते, असे मौलवीसाहेबांनी व वकिलांनीही सांगितले.

कमरुद्दीन मागे मला म्हणाला होता, "अब्बा, दुष्काळात आमी दुसऱ्याच्या गावात खडी फोडत हुतो. घरच्या माळावर काम मिळालं आस्तं, तर पोरं घरी जेवली आस्ती." ते खोटे नाही. परवा मी खाटेवर पडून होतो तेव्हा तोच म्हणाला, "आना कागद, आत्ताच सही करतो." बोलताना तो जमिनीकडे बघत होता. आजारी बापाचे मन राखण्यासाठी केलेली सही मला नको. कायदा तसे करू देत नाही, ते बरेच आहे.

कमरू, शकिला, तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. पण मेलेल्या माणसाच्या नाराजीला घाबरून काही करू नका. माळावर एकदा पहाटे जा, शांतपणे बसा, काय दिसते ते बघा आणि मग ठरवा.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

मुक्काम करंजदरा, शुक्रवार, दिनांक ९ नोव्हेंबर १९७३

सही: शेख जैनुद्दीन अल्लाबक्ष

साक्षीदार:
१. कारभारी भीमा आव्हाड (बांधाचे कलम ऐकले)
२. गहिनीनाथ गोरक्ष खेडकर

हस्ताक्षर: रंगनाथ कुलकर्णी

वारसांची संमती, सहा एकरांबाबत. माझ्या पश्चात भरावी.

कमरुद्दीन जैनुद्दीन शेख: ....................

शकिला जैनुद्दीन शेख: ....................