कमरेचा दगड

एदुविजेस वन्सं,

तुमचे गाल अजून फुगलेलेच असतील, म्हणून लांबूनच नमस्कार.

फेर्मिनला जाऊन दोन वर्षं झाली. मेलेल्यांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर फुलं वाहतं, पण तुम्ही सख्ख्या भावाकडे फिरकत नाही. कारण मीच तुम्हाला सांगितलं होतं, की तुम्ही दिलेला जेड त्यानं कमरेवरून सोडून मोतागुआ नदीत भिरकावला.

तो बांधताना तुम्ही म्हणाला होतात, "अगं निकोलासा, स्पॅनिश लोक आले तेव्हा आपली माणसं कमरेतल्या कळेवर हाच हिरवा दगड धरायची. म्हणून त्यांनी त्यांच्या भाषेत याला कमरेचा दगड म्हटलं, त्या शब्दाचंच पुढं जेड झालं. उगाच ठेवतात का नाव?"

मी म्हटलं, "मग वन्सं, तोंडाचा दगड असतो का? तुम्हाला बांधते."

फेर्मिन एवढा हसला, की कळ आली त्याला.

वन्सं, मी खोटं बोलले. त्यानं तो कधीच सोडला नाही. चुलीपाशी गरम करून मीच रोज बांधायचे. "ताई सांगते ना, मग दवाखाना कशाला?" म्हणायचा. शेवटी नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडली, "मूत्रपिंडं संपल्यावर आणलंस होय!"

हे कळलं तर तुम्हाला घास गिळवणार नाही. म्हणून हे पत्र मक्याच्या डब्यातच राहील. तुम्ही त्याच्यावरच रागवा. लहानपणापासून तुमची बोलणी खायची सवय आहे त्याला. मला मात्र त्याच्या कबरीपाशी एकटीनं उभं राहायची अजून झालेली नाही.

तुमची आगाऊ भावजय,
निकोलासा