ढेकणांच्या वेबसाइटवर मावशीचा नंबर

तीर्थस्वरूप नीलामावशीच्या चरणी सुश्रुतचा, दोन्ही कान धरून, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का? इकडे तुझी सूनबाई क्षिप्रा मजेत आहे (माझ्याकडे बघितलं की हसू आवरत नाही म्हणून बघत नाही, एवढंच). मी मात्र रविवारपासून डोंबिवलीत मान खाली घालून फिरतोय. रविवारच्या त्या फोनची तुझ्या बाजूची गोष्ट तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूची ऐक.

मागे संकष्टीला तुझ्याकडे आलेलो तेव्हा लॅपटॉप उघडून आमच्या पेस्ट कंट्रोलची वेबसाइट बनवत बसलेलो, आठवतं? माझ्या फोनची बॅटरी उतरलेली आणि ओटीपी तर हवा, म्हणून मी ओरडून विचारलं, मावशी, तुझा नंबर टाकू का? तू स्वयंपाकघरातून साबुदाणा वडे तळता तळता म्हणालीस, टाक की. मी टाकला. त्या वेबसाइटने तोच नंबर उचलून प्रत्येक पानावर भल्यामोठ्या केशरी अक्षरांत छापला. मी सगळं तीनतीनदा तपासलं गं (झुरळाच्या मिशा नीट दिसतात की नाही इथपर्यंत), पण नंबर काही वाचला नाही. आपला नंबर कोण वाचतो?

मग अभिप्राय यायला लागले. पाचपैकी पाच तारे! ‘उत्तम मार्गदर्शन’, ‘आपुलकीने चौकशी करतात’, ‘काकू फार छान बोलतात.’ काम एकही येत नव्हतं, पण तारे येत होते. ‘काकू’ वाचून मला वाटलं, लोकांनी ‘काका’च लिहिलं असणार, मोबाइलने परस्पर दुरुस्त केलं. (आपुलकीने चौकशी मी कधी कुणाची केली, हा प्रश्न क्षिप्राने विचारलेला. मी दुर्लक्ष केलं.) उलट मी ते तारे गावभर दाखवत सुटलो. आमच्या लघुउद्योजक मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबकराव इतके भारावले की त्यांनी मानपाड्याच्या हॉलमध्ये माझं व्याख्यानच ठेवलं. विषय: व्यवसायाची वेबसाइट यशस्वी कशी होते.

मी कोट घालून गेलेलो, मावशी. एप्रिलमध्ये. रंग कसे हवेत, फोटो कसे हवेत, सगळं झाडलं. शेवटी म्हणालो, संपर्क हा वेबसाइटचा प्राण आहे, करून बघा कोणीतरी. पहिल्या रांगेतल्या प्राचीताईंनी (त्यांचा लाडवांचा व्यवसाय आहे) माझ्या वेबसाइटवरून फोन लावला आणि स्पीकर चालू करून माइकला लावला. मी माझा मोबाइल सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. तो वाजेना. तसाच हात वर करून उभा होतो, तेवढ्यात अख्ख्या हॉलमध्ये तुझा आवाज घुमला: “बोला, ढेकूण की झुरळं?”

प्राचीताई गडबडून म्हणाल्या, ढेकूण. मग तू गादी उन्हात टाकायला सांगितलीस, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायला सांगितलंस, औषधवाल्याची काही गरज नाही म्हणालीस. मागे एवढा हशा कसला, लग्नघर आहे का, लग्नघरात ढेकूण बरे नव्हेत, असंही म्हणालीस. तिथवर मी सोसलं. पण त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? तेव्हा तू म्हणालीस, “मी सुश्रुतची मावशी. त्याने हे काम माझ्यावर सोपवलंय. आमचे हे गेल्यापासून घरात फोन वाजत नव्हता हो, आता दिवसभर वाजतो. त्याचा स्वतःचा तेवढा येत नाही. कामात असेल बिचारा.”

हॉलमधला हशा थांबला. कोणीतरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते ‘बिचारा’ मला फार लागलं. आभार मानताना त्र्यंबकराव म्हणाले, आजच्या वक्त्यांनी मुद्दा प्रयोगासह पटवला. वेबसाइट कशीही असो, फोन उचलणारं माणूस पाहिजे. टाळ्या झाल्या. त्या तुझ्यासाठी होत्या. माझा कोट मी हॉलमध्येच विसरलो आणि आणायला जायची हिंमत नाही.

तर मावशी, मी तुला काम वगैरे काहीही सोपवलेलं नव्हतं, नुसता गोंधळ घातला. तुला झालेल्या त्रासाबद्दल क्षमा कर. तुझा नंबर आज काढून टाकतो.

तुझा, तोंड दाखवायला जागा नसलेला,
सुश्रुत

ता. क. नंबर काढायला बसलो होतो. दोन आकडे खोडले आणि परत घातले. तुला जमत असेल तर फोन तूच घेत जा ना. फक्त सगळ्यांनाच घरच्या घरी बरं करू नकोस. जे ढेकूण उन्हालाही दाद देणार नाहीत, तेवढे माझ्याकडे पाठव.

ता. ता. क. हे सगळं फोनवरच सांगणार होतो. तीन दिवस झाले, लावतोय. तुझा फोन सारखा एंगेज.