माह्या वाडीवर सिमेंटचे गट्टू

वलगाव,
श्रावणातला बुधवार

कौशल्याले तिच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे पार्बताबाईचे, आशीर्वाद. रागात असली तरी आशीर्वाद द्याच लागते, मोठी हावो ना. तुह्या मालकाले, शेषरावजीले, नमस्कार सांग. (सांगशीलच. तुह्या पोटात काही राहत नायी.) तुह्या तब्येतीची खुशाली इचारत नायी. तुही जीभ ठणठणीत हाये हे साऱ्या घराले कळलं.

मी घरामागच्या वाडीत पडली हे शेजारच्या जमुनानं तुले फोनवर सांगतलं, अन् तू तिचा फोन ठेवत नायी तं माह्या गजेंद्रले लावला. काहून? मी म्हटलं होतं? वरतून "आई बेशुद्ध पडली" म्हणून सांगतलं म्हणे. मी बेशुद्ध नव्हती वं. डोळे मिटून पडली होती, कारण जमुना माह्या डोक्यापाशी उभी राहून "गेली का वं म्हातारी?" असं मलेच इचारत होती, अन् मले तिचं तोंड पाहाचं नव्हतं. हे सारं फोनवरच सांगतलं असतं, पण फोनवर तू मधातच रडतं अन् माहा राग वाया जाते. गल्लीतला देवमन उद्या तुह्या अकोल्याले जाऊन राहिला, त्याच्या हाती पत्र देते. पुरं वाच. रडाचं असंन तं वाचून झाल्यावर रड.

तुह्या फोननं काय झालं ते ऐक. गजेंद्र अमरावतीहून त्याच संध्याकाळी आला. पोरगं मायची खबर घ्याले येते तं दोन संत्रे घेऊन येते. हा टेम्पोभर गट्टू घेऊन आला. सिमेंटचे, लाल-पिवळे, तहसीलच्या अंगणात बसवते तसे. ते त्यानं सरळ माह्या धोप्याच्या पानाईवर ओतले. (यंदा धोपा कसा आला होता, सुपाएवढं पान, अळूवडीले एकच पुरलं असतं. जाऊ दे.) येत्या रविवारी माणसं येतीन, वाडी सपाट करतीन, गट्टू बसवतीन, तिथं त्याची गाडी उभी राहीन, अन् मी त्याच्या तिसऱ्या माळ्यावर राहाले जाईन, असं त्यानं ठरवलं. "आई, तिथं लिफ्ट हाये," म्हणते. लिफ्टमधी काय वांगे लागतात? सून रागिणी म्हणते, "आई, तुमच्यासाठी बाल्कनीत कुंडी ठेवू ना." मी सासू हावो का तुळस?

अन् हे पाह्य. मागच्या उन्हाळ्यात माह्या खुब्याचं हाड मोडलं ते कुठं मोडलं? वाडीत? त्याच्याच घरी, न्हाणीघराच्या चकचकीत फरशीवर! आतमधी सळई टाकली डॉक्टरनं. चाळीस वर्सं मी या मातीत पडून राहिली, मातीनं मले कधी मोडलं नायी, चिखलानं लुगडं भरलं एवढंच. फरशीवर मोडलेल्या बाईले सांभाळाले फरशीवरच न्याचं, अन् घरीबी फरशीच टाकाची. शिकलेले लोकं हायेत, आपुन काय बोलाचं.

आता माही तब्येत मीच सांगते, म्हणजे कोणाले मीठ लावाले जागा उरणार नायी. सळई हाये, पण पाऊस याच्या आधी दुखते, तेवढं हवामानवाल्याईपेक्षा बरं सांगते. शुगर हाये, गुडघे हायेत म्हणाले हायेत. डॉक्टरनं वॉकर देला होता, चार पायाचा. पहिले पंधरा दिवस मी त्याले धरून चालली. मंग दोडक्याचा वेल जमिनीवर लोळाले लागला. वॉकर पाहून माह्या मनात आलं, याच्यावानी मांडव गावात कोणापाशी नायी. ठेवला वाफ्यात. आता वेल असा चढला हाये का वॉकर दिसत नायी, अन् फुलावर हाये. फुलावरचा वेल कोणी तोडते? गजेंद्र म्हणे, "आई, वॉकर कुठं हाये?" मी म्हटलं, "कामावर हाये."

कमरेचा पट्टा पपईले बांधला. वाऱ्यानं वाकली होती बिचारी, अन् तिले माह्यापेक्षा जास्त गरज होती. व्यायाम शिकवाले एक पोरगी येत होती, प्रणाली नावाची. "आजी, पाय वर, आजी, पाय खाली, आजी, हसा." मी म्हटलं, पाय वर करते, खाली करते, हसाचं काय कारण हाये ते सांग. आली नायी पुन्हा.

डोळ्याचं मात्र झालं. मोतीबिंदू काढला तवा ते काळे-हिरवे चष्मे देले. मी ते घालून निंदाले बसली अन् सारा सांभार, म्हणजे चांगली कोथिंबीर, उपटून टाकला, गाजरगवत तेवढं ठेवलं. ठेवलं कसं, पाणी देलं, खत देलं, रोज हात फिरवला. भाजीत टाकाले तोडलं तवा वास घेतला अन् कळलं. जमुना हे सारं कुंपणावरून पाहत होती. म्हणे, "मले वाटलं काही औषध-बिषध असंन." अशा बाईच्या फोनवर तू इश्वास ठेवतं!

महालक्ष्म्या आता आल्याच. आपल्या इथं सोळा भाज्याईचा निवेद लागते हे तुले सांगाची गरज नायी. रागिणी मागच्या साली बाजारातून तयार वाटा घेऊन आली, सोळाच्या सोळा चिरून, थैलीत. महालक्ष्म्या तीन दिवस माह्याकडे पाहत होत्या, मी खाली मान घालून बसली. यंदा ढेमसं, गवार, चवळी, अंबाडी, दोडके, वांगे, सारं वाडीतलं करीन असं त्याईले तवाच बोलून बसली. आता त्याईले काय गट्टूची भाजी करून घालू?

पडली कशी तेबी ऐक. दोडका तोडाले वाकली, पाय घसरला, धराले गेली तं हातात वेल आला, अन् वॉकर वेलात. बस. डावा पाय सुजला, मोडला नायी. मले कोणाची गरज नायी, कोणी येऊन बसाची तं बिलकुल नायी. राग मावळला असं समजू नको. पत्र मावळलं, कागद सरला म्हणून.

तुही,
पार्बता

ता.क. रविवारच्या आधी ये. शनिवारी सकाळच्याच गाडीनं. शेषरावजीले खिचडी टाकता येते, मले माहीत हाये. जुनं लुगडं आन, निंदाले लागंन. मले खाली बसता येत नायी वं, बसली का उठता येत नायी, अन् वाडीत गवत गुडघ्याएवढं झालं. मी खुर्चीवरून सांगीन, तू कर.

आखीन एक. गजेंद्र म्हणते, आई एकटी राहते म्हणूनच गट्टू, कोणी सोबत असंन तं त्याची हरकत नायी. त्याले मी सांगतलं का कौशल्याचे दोनी गुडघे गेले, अकोल्यात एकट्या शेषरावजीच्यानं तिचं करणं होत नायी, आता तिले माह्यापाशी ठेवूनच घ्या लागते, मी कुठंच जाऊ शकत नायी. पोराच्या डोळ्यात पाणी आलं. शनिवारी तो गाडी घेऊन स्टँडवर तुले घ्याले येते. उतरताना लंगडत उतर. माह्यापेक्षा जास्त लंगड.