तेल न घालायची मोटार

ता. ९, रविवार

सौ. वहिनींना नमस्कार.

पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, राग मानू नका. दादाचा निरोप पोचला: 'घरी ये, शेवटचं वर्ष पूर्ण कर, माडीवरची खोली तुझीच.' खाली तुमची ओळ, 'भाऊजी, या ना.' भाऊजी! वाचून ठसका लागला.

तब्येत ठीक आहे. कामाचं विचारलंत म्हणून सांगतो. आम्ही चिप तपासायच्या यंत्रांची टेबलं बनवतो. तळहाताएवढं टेबल, पण ते केसाच्या जाडीहूनही कमी सरकलं पाहिजे. ते पिझो मोटारीचं काम. तिच्यात ना चुंबक, ना तारेचं वेटोळं. नुसता सिरॅमिकचा तुकडा; वीज दिली की किंचित लांबतो, काढली की आखडतो, सेकंदाला हजारो वेळा. त्याचं टोक स्प्रिंगने पट्टीवर दाबलेलं असतं, ते घासत घासत पट्टीला पुढे ढकलतं. वीज गेली तरी पट्टी जिथल्या तिथे. चुंबक नाही म्हणून हॉस्पिटलातल्या त्या भल्यामोठ्या चुंबकाच्या स्कॅनरपाशीही ती चालते. सगळा खेळ घर्षणाचा.

लग्नाला सुट्टी मिळाली नाही असं कळवलं होतं. मागितलीच नव्हती. काल दुपारी आईने तुम्हा दोघांचा लग्नातला फोटो पाठवला. पाहिला, फोन खिशात कोंबला आणि बाकीच्या यंत्रांना सोडतो तसा पट्टीवर तेलाचा थेंब सोडला. टोक नुसतं थरथरत राहिलं, पट्टी हलेना. गिऱ्हाईक समोर उभं.

"अरे दिवट्या, हिला तेल?" साहेब कडाडले. "घर्षण गेल्यावर हिच्यात उरलं काय?"

"माणसात तरी काय उरतं?"

"अक्कल घरी पाजळ!"

"घरी जायला तोंड असतं तर तुमच्याकडे कशाला झिजलो असतो?" म्हणालो आणि कुपी भिंतीवर भिरकावली.

संध्याकाळी त्यांनी माझा गेटपास काढून घेतला. नोकरी गेली. दादाला ठाऊक नाही.

कॉलेजात आपल्या प्रोजेक्टचं सर्किट जमेना म्हणून तुला घरी मीच आणलं होतं. 'आमचा दादा बघ, चुटकीसरशी करतो.' केलं की त्याने! मग एक दिवस तू म्हणालीस, "त्याच्याजवळ बसलं की भीती वाटत नाही. तुझं डोकं कधी फिरेल, नेम नाही." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजची पायरी चढलो नाही. घरी सगळे समजतात, अभ्यास झेपला नाही. समजू देत.

आता परत यायला कसलीच आडकाठी नाही, आणि तरी मी येणार नाही. एकाच जिन्यावर तुला 'वहिनी' म्हणत चढउतार करायची माझी छाती नाही. माझं डोकं तुला माहीत आहे. एखाद्या दिवशी जेवताना दादासमोर सगळं ओकून मोकळा होईन. तो बिचारा माझ्या खोलीला रंग देत बसलाय म्हणे.

तेव्हा त्याला सांग, भाऊजींना बढती मिळाली, मालक सोडत नाही. मी सांगितलं तर तो फोनवरच ओळखेल आणि मला न्यायला येईल. तुझं खोटं त्याला खरं वाटेल.

वाचून झालं की फाडून टाक.

तुझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ