टोपली कोण बघणार?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. कंबर आडवी पडू देत नाही, तेव्हा आठांपैकी दोन-तीन अंगंच जमिनीला टेकली आहेत. बाकीची मनाने टेकवली असं समज.

तू ईमेल उघडायचंच सोडलंस, म्हणून हा कागद. फोन का करत नाही तेही सांगेन, पण ओळीने. शेवटचं पान आधी वाचू नकोस.

इकडे सगळं क्षेम. हिने खिडक्यांना नवे पडदे लावले. ते माझ्या लक्षातच आले नाहीत, म्हणून घरात अबोला आहे. तिकडे भावोजींचं पाटीवरचं वाङ्मय जोरात दिसतंय. परवा त्यांनी फोटो पाठवला: ‘तुझी ताई भांड्यांवर राग काढते. भांडी उलट बोलत नाहीत, मीही नाही.’ डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं खरं, पण या माणसाची जीभ आवरणं त्यांनाही जमलं नाही!

त्यांच्यासाठीच तू हा ईमेल-गट काढलास. आवाज गेलेल्यांना फोन काय कामाचा? त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लिहून विचारावं, लिहून सांगावं. तू सोडून गेल्यापासून मॉडरेटर म्हणून आम्ही दोघेच उरलो आहोत, मी आणि आपला तो बँकेतला कॅशियर. तो परवा घरी आला, गळ्याला बोलायचं यंत्र लावलं आणि म्हणाला, “मास्तर, गट बंद करू या. माणसं कमी आणि जाहिराती जास्त. शस्त्रक्रियेविना गाठ विरघळवा, काढा प्या, आवाज वाचवा! दिवसभर हेच उपसायचं?”

“मग लोकांनी विचारायचं कुणाला?”

“देवाला.”

“तिथेही रांग आहे, आणि खिडकीवर कुणी बसलेलं नाही.”

तो हसला. यंत्रातून तो हसला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं. मग म्हणाला, “स्पॅमची टोपली कोण बघणार? मला नाही होत आता.”

“मी बघेन,” मी म्हणालो. घसा खरवडून बोलावं लागलं, पण म्हणालो.

ताई, झाल्या गोष्टीबद्दल आपण सरळ बोललोच नाही. आज लिहितो. काढ्याची प्रत्येक जाहिरात तू निष्ठेने स्पॅम म्हणून खूण करत गेलीस. फिल्टर तुझ्याकडूनच शिकला. नीरक्षीरविवेक हे हंसाचं काम. आपण ते यंत्राला शिकवलं आणि तो हंस दूधही ओतून द्यायला लागला. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने अख्खी जाहिरात चिकटवून खाली दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘हे खरं आहे का? उद्या यांचं ऑपरेशन आहे, थांबवू का?’ फिल्टरने जाहिरात ओळखली, प्रश्न ओळखला नाही. टोपली आपण कुणीच उघडत नव्हतो. उत्तर आलं नाही, म्हणून तिने ऑपरेशन थांबवलं. पत्र तुला सापडलं तेव्हा नवरा काढा पीत होता.

पुढचं तू विचारलं नाहीस. तो जगला आहे. वेळेवर झालं असतं तर निम्मं स्वरयंत्र राहिलं असतं. आता सगळं काढावं लागलं. तिने तुला क्षमा केली असं काही मी लिहिणार नाही. तू कोण, हे तिला ठाऊकही नाही. ती गटात आली आहे, आणि गळ्याची नळी रात्रीतून कोरडी पडते तेव्हा काय करायचं, हे पुन्हा पुन्हा विचारते. मी उत्तरं देतो ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतात आणि नळीच्या काही उपयोगाची नसतात. ते तुला येतं.

आता फोनचं.

माझा आवाज उन्हाळ्यापासून बसलाय. वर्गात संस्कृतची रूपं म्हणून घेताना मुलं म्हणायची, “सर, द्विवचनापर्यंत ऐकू येतं, बहुवचन गेलं.” मी खडीसाखर चघळत राहिलो. ज्याने इतकी वर्षं लोकांना ‘आवाज बसला तर थांबू नका’ असं लिहिलं, तोच थांबला. डॉक्टरीण बाईंनी दुर्बीण घातली, बाहेर काढली आणि विचारलं, “घरी सांगण्यासारखं कुणी आहे का?” मी म्हटलं, “सांगणारे पुष्कळ आहेत, ऐकणारं बघावं लागेल.” त्या हसल्या नाहीत. तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी मी टोपली उघडली. काढ्याची जाहिरात वर होती. ताई, मी ती शेवटपर्यंत वाचली. त्यातली अशुद्धं दिसली, थापा दिसल्या, तरी खालचा नंबर कागदावर उतरवून घेतला. सकाळी हिने तो कागद पाहिला, फाडला आणि इस्पितळाची पिशवी भरायला घेतली. त्या बाईला विचारायला कुणी नव्हतं, इतकाच आमच्यात फरक.

म्हणून गट बंद होणार नाही. फिल्टर राहील, पण टोपलीतलं प्रत्येक पत्र पुसण्याआधी माणूस वाचेल. कॅशियरला हे पटवलंय. तो रोज सकाळची पाळी करेल. संध्याकाळची मी करत होतो. येत्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे, सगळंच काढणार आहेत. तेव्हा ती पाळी तुझी. विनंती वाटावी म्हणून बरेच शब्द शोधले, पण ही विनंती नाहीच. तुझं मॉडरेटरपद मी कालच परत चालू केलंय.

तू राग धर, रड, भावोजींची पाटी फोड. पण बस त्या खुर्चीवर.

रांगेत एका नव्या सभासदाचं पहिलं पत्र थांबलंय. लिहिणारा संस्कृतचा मास्तर आहे, मोठ्या धिटाईच्या गप्पा मारतो आणि आतून घाबरलाय. मॉडरेटरने स्वतःचं पत्र स्वतः आत सोडू नये, हा तुझाच नियम. आणि त्याला हात लावू नकोस असं कॅशियरला बजावलंय. सोमवारच्या आधी वाच. उत्तर दे.

भावोजींना नमस्कार.

मंजुरीची वाट पाहत असलेला,
तुझा धाकटा