तापलेला दगड

फालानिको,

बाबांना घेऊन दवाखान्यात चालले आहे, गाडी दारात उभी आहे. सकाळी उमूच्या भट्टीतले दगड सारताना एक तापलेला दगड त्यांच्या पायाखाली आला. ते त्यावर उभे राहून माझ्याशी गप्पा मारत होते. जळका वास मला आला, त्यांना काहीच कळलं नाही. तळवा बघितला तर आधीचीच एक जखम आतून काळी पडलेली.

मधुमेहात पायाची जाणीव जाते, घरातल्या कुणीतरी रोज पाय बघा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. गोड चहावरून माझं-त्यांचं भांडण झाल्यापासून मी दोन आठवडे बघितले नाहीत. तूही बघितले नाहीस, पण तुला बोल लावत नाही.

तारोचे कंद शिजलेत, भट्टीतून काढून घे. पाद्रींनी विचारलं तर बाबांना बरं नाही, एवढंच सांग. सिएनी आत्या केक आणेल. तिला म्हणावं, आता पुरे. तिच्याच गाडीतून बाबांचे कपडे आणि उशी घेऊन ये.

"दुखत नाही गं, उगाच घाबरतेस," म्हणून ते हसताहेत. मला त्याचंच भय वाटतंय.

चपला मात्र आत्ता आणू नकोस. डॉक्टर पायाचं काय म्हणतात ते कळलं की सांगते.

आई