आराखड्यातला आपला तुकडा

खोरवाडी, काष्टीजवळ
२० ऑगस्ट

प्रिय अक्का,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. कल्याणला अचानक कागद-पेन कुठून सुचलं म्हणून तू राजसला हाका मारत बसशील, म्हणून आधीच सांगून टाकलं. फोन का केला नाही तेही सांगतो, पण सावकाश. तुझी राखी वेळेवर पोहोचली. गुडघ्यामुळे यंदा तुला येता आलं नाही, मग राखी आमच्या नातीच्या, मनवाच्या हातून बांधून घेतली. सव्वा वर्षाची पोर ती, राखी बांधायची सोडून खायलाच निघाली. तिची आई अश्विनी एकीकडून मूठ सोडवतेय, शोभा दुसरीकडून ओरडतेय, आणि मी हात पुढे करून बसलोय येड्यासारखा. शेवटी गोंडा तिच्या लाळेने भिजलेला, तसाच बांधला. अजून हातात आहे.

आता मुद्द्याचं. गावाला आपला रस्त्याकडचा तुकडा हवा आहे. दवाखान्याच्या उपकेंद्रासाठी. सरकारकडून इमारत मिळतेय, जागा गावाने द्यायची. बाबांच्या माघारी त्या तुकड्यावर तुझं नि माझं दोघांचं नाव लागलंय, हे तुला माहीत आहेच. गावाला मात्र ते माहीत असून नसल्यासारखं आहे. हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण तुला तिकडे श्रीरामपुरात कुणीतरी अर्धवट सांगेल आणि तू तेवढ्यावरच निर्णय घेऊन मोकळी होशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. आपल्याकडची ग्रामसभा म्हणजे काय असते तुला आठवतंय ना? झेंडा झाला की लोक जिलेबीचा पुडा घेऊन घरी जातात, मारुतीच्या देवळात पाच-पंचवीस माणसं उरतात, शंभर माणसं भरत नाहीत म्हणून सभा तहकूब. मग पुढच्या आठवड्यात तीच सभा पुन्हा. तहकूब सभेला संख्या लागत नाही, त्यामुळे चार टाळकी बसून गावाचं भलं करून टाकतात. इतकी वर्षं हेच चाललंय आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. पण यंदा रेश्माने डोकं चालवलं. रेश्मा म्हणजे आपली नवी सरपंच, बिभीषणची बायको. तिने जिलेबीची परातच देवळात आणून ठेवली, वर टॉवेल झाकला आणि माइकवरून जाहीर केलं की सभा झाल्याशिवाय पुडा सुटायचा नाही. काय विचारतेस! म्हातारेकोतारे, पोरंसोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बायका, सगळी मंडळी मांडी घालून बसली. मी तर म्हणतो या राज्यात लोकशाही टिकवायची असेल तर तिला थोडी जिलेबी लागणारच.

विषय होता पुढच्या वीस वर्षांचा आराखडा. गाव वीस वर्षांनी कसं असावं. भाऊसाहेबांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांनी, एक नवीनच प्रकार केला. देवळाच्या फरशीवर पोरींकडून रांगोळीने अख्खं गाव काढून घेतलं. ओढा निळा, रस्ता पांढरा, शाळा पिवळी. मग प्रत्येकाच्या हातात चिंचोके दिले आणि म्हणाले, तुम्हाला जिथे जे हवं तिथे चिंचोका ठेवा आणि काय हवं ते बोला. आधी सगळे लाजले. मग केशरबाईंनी ओढ्यावर चिंचोका ठेवला आणि म्हणाल्या, पूल बांदा बाबांनो, लई झालं. त्यानंतर जी झुंबड उडाली! कुणाला व्यायामशाळा, कुणाला शाळेला कंपाउंड, एका बहाद्दराने तर बिअर बारसाठी चिंचोका ठेवला, त्याला बायकांनी तिथेच वाजवला. बिभीषण सवयीप्रमाणे मध्येमध्ये उठून 'सरपंचांचं म्हणणं असं आहे' म्हणत होता. तिसऱ्या वेळी रेश्मा माइकवरूनच म्हणाली, सरपंच हितंच बसल्यात, त्यांना बोलता येतंय. देऊळ हसून हसून फुटायचं राहिलं. बिभीषण बिचारा त्यानंतर जिलेबीवरच्या माश्या वारत बसला.

दवाखान्याचा विषय वाल्मिक तात्यांनी काढला. त्यांचं काढणं बरोबरच होतं. आमची मनवा त्यांच्या कांद्याच्या टेम्पोत जन्मली हे तुला माहीतच आहे. तेव्हा तू फोनवरून शोभाला एकेक गोष्ट सांगत होतीस, असं धर, तसं कर, घाबरू नकोस म्हणत होतीस, आणि मी टेम्पोच्या बाहेर उभा राहून रडत होतो. ते तुला कुणी सांगितलं नसेल, तर आता कळलं. तात्या तेव्हापासून मनवाला आपलीच नात समजतात, येता-जाता तिच्यासाठी बिस्किटं आणतात. तर तात्या उठले आणि म्हणाले, माझ्या टेम्पोत एक झालं ते झालं, पुढचं पोर दवाखान्यात व्हाया पायजे. जागा कुठे, यावर बरीच वादावादी झाली. गायरान ओढ्याकडे उतरतं, पावसात तिथे गुडघाभर पाणी. शाळेमागे गाडी जात नाही. शेवटी तात्यांनी त्यांचा चिंचोका आपल्या तुकड्यावर ठेवला. डांबरी रस्त्याला लागून, उंचावर, गाडी दारात. खोटं कशाला बोलू, अक्का, जागा तीच योग्य आहे. मी परका असतो तर मीही चिंचोका तिथेच ठेवला असता.

एका पोरीने खडूने त्या तुकड्यात नाव लिहिलं. 'कल्याण'. एवढंच. मी उठलो आणि म्हणालो, हा तुकडा अक्काचा आणि माझा आहे. माझा अर्धा मी आत्ता, या मारुतीसमोर, गावाला देतो. टाळ्या पडल्या. शोभाने माझ्याकडे असं बघितलं, जणू लग्नानंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी काही शहाणपणाचं केलं. पण टाळ्या संपतायत न संपतायत तोच तात्या म्हणाले, आन् आक्काचा बी धरा. आराखडा वीस वर्षांचा हाय, पुढं नर्सबाईंना राहायला खोल्या लागतील, खाटा वाढवायच्या, अर्ध्यात काय भागतंय? मी म्हणालो, अक्काला विचारावं लागेल. त्यावर सगळा गाव हसला, अक्का. वाईट हसला नाही, प्रेमानेच हसला. आवो, आक्का का परकी हाय? ती तर जन्मभर दवाखान्यातच राबली, ती न्हाई म्हनंल व्हय? आणि भाऊसाहेबांनी वहीत लिहून टाकलं, भगिनींची संमती घेण्यात येईल. घेण्यात येईल! तू देशील की नाही हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

मी घरी येऊन धुसफुसत होतो. शोभाने भाकरी वाढता वाढता विचारलं, झालं काय एवढं? मी म्हणालो, यांनी अक्काला धरलंय काय, न विचारता? तर ती म्हणाली, वन्सं न्हाई म्हनायच्याच न्हाईत, मग विचारलं काय न् न्हाई विचारलं काय. मग पुन्हा तीच म्हणाली, आवो, पर वन्संनी कदी कुनाला न्हाई म्हनलंय का? मी घास हातात धरून विचार करत बसलो, आणि खरंच, मला एकही वेळ आठवेना. माझ्या शिक्षणासाठी तुझं नर्सिंग एक वर्ष लांबलं, तू हो म्हणालीस. रात्रपाळ्या कुणाच्याही असोत, तू हो म्हणालीस. दाजी गेल्यावर राजस म्हणाला तुझं घर मोडून माझ्याकडे चल, तू हो म्हणालीस. राजस गुणी पोरगा आहे, सूनही जीव लावते, त्यात शंका नाही. पण तू हो म्हणालीस, तेव्हा तुला काय हवं होतं हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

एकदा तू सांगितलं होतंस, आणि ते मी विसरलेलो नाही. गेल्या संक्रांतीला आपण दोघं त्याच तुकड्याच्या बांधावर हरभरा सोलत बसलो होतो. तू म्हणालीस, कल्याण, इथे दोन खोल्या बांधाव्यात. दार पूर्वेला. पुढे थोडी ओटी, सकाळी उन्हात पाय सोडून बसायला. येणारी-जाणारी बाई दोन मिनिटं टेकेल, बीपी मोजून जाईल. आपलं आपण करून खावं, सणाला तुमच्याकडे यावं, आणि कंटाळा आला की दार लावून घ्यावं. एवढं सगळं तू इतकं नीट सांगितलंस, की मला ओटीवरची फरशीसुद्धा दिसली. मग हसलीस, मूठभर हरभरे माझ्या ओंजळीत टाकलेस आणि म्हणालीस, जाऊ दे, माझं आपलं काहीतरीच. मला वाटलं वेळ आहे, निवांत बोलू. पण त्या दिवसापासून तो तुकडा मी कुणाला वाट्याने दिलेला नाही. शोभा विचारायची पडीक का ठेवलाय, मी म्हणायचो, जमिनीला विसावा.

परवा मी रेश्माकडे गेलो आणि हे सगळं तिला सांगितलं. पोरगी समजूतदार आहे. ती म्हणाली, काका, अर्ध्यात दवाखाना बसतो, मी भाऊसाहेबांकडून आखून घेतलंय. नर्सच्या खोल्या वर मजला चढवून होतील. पण सभेत ठरलंय, लोकांना वाटतंय अक्कांनी दिलंच, आता मी एकटी कशी मोडू? अक्का स्वतः बोलल्या तर गोष्ट वेगळी. मग तलाठ्यांकडे गेलो. ते म्हणाले वाटपाचा अर्ज करा, मोजणी होईल, दोघांचे दोन वेगळे होतील, मग ज्याला जे करायचं ते करू दे. अर्ज मी आणून ठेवलाय. रस्त्याकडची बाजू कुणाची यावर तुझ्याशी भांडायला मी तयार आहे, पण पूर्वेची तुझी, एवढं पक्कं. दवाखाना शेजारी आला तर तुझ्या ओटीवर बायकांची रांग लागेल, ते तुला आवडेल की नाही ते तूच बघ.

आता पत्र का लिहिलं ते. येत्या रविवारी तात्या, बिभीषण आणि आणखी दोघं-तिघं जीप करून श्रीरामपूरला तुझ्याकडे येणार आहेत. मला सोबत चल म्हणाले, मी नाही म्हणालो. तुझ्यासाठी साडीचोळी घेतलीय, पेढे घेतलेत, आणि सोबत हक्कसोडीचा कागद आहे, म्हणजे तू तुझा हक्क माझ्या नावे सोडायचा आणि मी सगळा तुकडा गावाला द्यायचा. आपल्याकडे बहिणीला साडी नेसवतात आणि सही घेतात, तुला काय सांगायचं, आपल्या आत्यांच्याही सह्या तशाच झाल्या. तात्या मनाने सोन्यासारखा माणूस आहे. ते तुला मनवाचा फोटो दाखवतील, टेम्पोतली गोष्ट सांगतील, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि तुझ्याही. मी फोन केला असता तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू म्हणाली असतीस, अरे घे की, कुठे सही करू सांग. म्हणून लिहिलं. पत्राला तुला मध्येच तोडता येत नाही.

तर अक्का, त्यांना चहा कर, जेवू घाल, साडी आवडली तर ठेवून घे. सही करू नकोस. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला ये. गाडी मी पाठवतो, गुडघ्याला उशी घेऊन पाठवतो. देवळात पुढे बस आणि तुझ्या तोंडाने सांग तुला काय हवंय. सगळं बघून, विचार करून द्यावंसं वाटलं, तर दे, मी हूं की चूं करणार नाही. पण भिडेखातर नको. गावाने वीस वर्षांचा विचार केला तसा तूही तुझ्या पुढच्या वीस वर्षांचा कर. मला विचारशील तर मला तू इथे हवी आहेस, त्या दोन खोल्यांत, रोज दिसशील एवढ्या अंतरावर. रविवारी त्यांना एकदा नाही म्हणून बघ, अक्का. मला तुझ्या तोंडून तो शब्द ऐकायचा आहे.

दोन खोल्यांची वाट बघणारा,
तुझाच
कल्याण